तोराझोचा नियम

ओतोसे बेटावर बाहेरून बोट घेऊन येणाऱ्या माणसाला आधी मच्छीमार सोसायटीच्या माडीवर दोन तास बसावं लागे. तिथे कुवाता यासुहेई त्याला इथल्या पाण्याचे नियम शिकवी. यासुहेईने एकतीस वर्षं बेटाची फेरीबोट चालवली होती. निवृत्त झाल्यावर सोसायटीने हे काम त्याच्या गळ्यात घातलं आणि एकाहत्तराव्या वर्षीही तो ते मन लावून करत होता. शैवाल वाढवायच्या जाळ्यांजवळून जाताना इंजिन मंद करायचं. ऑक्टोपस धरायला बुडवलेल्या मडक्यांवरचे काळे तरंगते गोळे दिसले की लांबून वळसा घालायचा. फेरीबोट धक्क्याला लागत असताना बंदराच्या तोंडात रेंगाळायचं नाही. पोहता येवो न येवो, जाकीट अंगात हवंच.

"कॅप्टन, एवढे नियम कशाला?" एखादा शहरी हौशी विचारायचाच. "समुद्र तर मोकळा असतो."

"माशांना मोकळा असतो," यासुहेई म्हणे. "तुम्हाला कल्ले असतील तर तुम्हालाही."

लोक हसत आणि वहीत लिहून घेत.

सगळ्यांत शेवटी यायची ती हायासेची खिंड. बेट आणि कावळेखडक यांच्यामधली ती अरुंद वाट. ओहोटीला तिथलं पाणी नदीच्या पुरासारखं दक्षिणेकडे धावतं. तिथला नियम असा: धुक्यात तोंडावरचा पांढरा बोया दिसत नसेल तर खिंडीत शिरायचं नाही, बाहेर थांबायचं. शिरलंच, तर आपली उजवी बाजू सोडायची नाही आणि दर मिनिटाला भोंगा वाजवायचा. यादीत याचा नंबर सातवा. पण बेटावर लहानथोर सगळे याला तोराझोचा नियम म्हणत. यासुहेई तेवढा कधी म्हणत नसे. तो आपला 'नंबर सात' म्हणे आणि नकाशावर दाखवायची काठी खाली ठेवी.

ऑक्टोबरात सोसायटीच्या कार्यालयातली नागाओ मिसुझु त्याच्याकडे एक कागद घेऊन आली. मिसुझु तिशीची, लग्न होऊन बेटावर आलेली, कामाला वाघीण. नियमांची नवी पत्रिका छापायची होती, रंगीत, चित्रांसकट.

"नुसते नियम कुणी वाचत नाही हो, कॅप्टन," ती म्हणाली. "म्हणून मी प्रत्येकाखाली तो कसा आला ते चौकटीत टाकलंय. सातव्याचं बघा. जुन्या कागदांतून सगळं शोधून काढलं मी."

यासुहेईने चष्मा लावला. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'तोराझोचा नियम'. खाली चौकट. 'सव्वीस वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या एका धुक्याच्या सकाळी बेटावरचे मच्छीमार इवाकी तोराझो यांची होडी खिंडीत आपली बाजू सोडून फेरीबोटीच्या वाटेत आली. होडीने भोंगाही वाजवला नव्हता. टक्कर होऊन तोराझो यांच्या पत्नी नुई यांचा मृत्यू झाला. फेरीबोटीच्या कॅप्टनच्या प्रसंगावधानाने तोराझो वाचले.'

"तोराझो-सानना विचारलं का?" यासुहेईने विचारलं.

"विचारलं की. ते म्हणाले, छापा. माझ्या चुकीने कुणाचं तरी भलं होत असेल तर छापा. मला तर भरूनच आलं बाई." तिने शाईची डबी पुढे सरकवली. "तुमचा शिक्का मारलात की मी उद्याच छापखान्यात पाठवते."

यासुहेईने कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग त्याने तो घडी करून खिशात घातला.

"उद्या देतो," तो म्हणाला.

"काही चुकलंय का?"

"हो," तो म्हणाला, आणि जिना उतरून गेला.

घरी न जाता तो लाटा अडवणाऱ्या बांधावर जाऊन बसला. त्या सकाळची एकूण एक गोष्ट त्याला पाठ होती. पाठ असायला काही कष्ट पडले नव्हते. विसरायलाच पडले होते, आणि ते वाया गेले होते.

त्या सकाळी फेरीबोट सात मिनिटं उशिरा सुटली होती. पलीकडच्या काठावर शहराकडे जाणारी बस फेरीबोटीसाठी थांबत नसे, आणि ती चुकली की प्रवासी त्याला ऐकवत. ओहोटी जोरात होती आणि यासुहेईला तिच्याविरुद्ध उत्तरेकडे जायचं होतं. खिंडीच्या मधोमध गेलं की बोट जागच्या जागी चालल्यासारखी होई. मात्र कावळेखडकाला चिकटून पाणी जरा मंद असतं. तिथून गेलं की सात-आठ मिनिटं वाचतात. ती कडा त्याच्या डाव्या हाताला, म्हणजे समोरून येणाऱ्याची. उजवी बाजू धरायची हे त्याला काय, बंदरातल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. पण त्या वेळी खिंडीत कुणी नसतं हेही त्याला ठाऊक होतं. आठवड्यातून दोनदा तरी तो खडकाच्या बाजूने जायचा. कधी काही झालं नव्हतं.

धुक्यात त्याला भोंगा ऐकू आला होता. फुंकून वाजवायचा, लहान होडीवरचा. एकदा लांब. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा लांब. धुक्यात आवाज कुठून येतो ते कळत नाही, आणि त्याने स्वतःची समजूत घातली की हा बंदराकडून येतोय. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा तो अगदी समोर होता. यासुहेईने इंजिन उलटं फिरवेपर्यंत होडी बोटीच्या पुढच्या टोकाखाली गेली होती.

तोराझोला त्याने आकडीच्या काठीने ओढून वर घेतलं. डोकं फुटलेलं, शुद्ध नाही. नुई दिसली नाही. ती दोन दिवसांनी खाली दक्षिणेला सापडली. होडीच्या फळ्या प्रवाहाने दहा मिनिटांत कुठच्या कुठे नेल्या. प्रवासी आतल्या खोलीत पेंगत होते, इंजिनवाला खाली इंजिनापाशी. कुणी काही पाहिलं नव्हतं.

बंदराच्या अधिकाऱ्याने विचारलं, "तुमची बोट आपल्या उजव्या बाजूलाच होती ना?" यासुहेईच्या अंगावरचे कपडे ओले होते, दात वाजत होते. घरी सेत्सुला आठवा महिना होता. त्याने मान हलवली. एवढंच केलं. बाकीचं त्या अधिकाऱ्याने स्वतःच्या हाताने लिहिलं.

आठ दिवसांनी तो इस्पितळात गेला तेव्हा तोराझोच्या डोक्याला पट्ट्या होत्या. पहाटे मासेमारीला बंदर सोडल्यानंतरचं त्याला काहीच आठवत नव्हतं.

"परतताना मी वाट सोडली म्हणतात," तोराझो म्हणाला होता. "प्रवाहाने मला आडवं लोटलं असणार. मला वाटतं मी बाजू धरून ठेवली असेल, पण वाटून काय. तू होतास तिथे." मग त्याने विचारलं, "यासु, नुईला मी निघताना भोंगा दिला होता हातात. वाजवला का रे तिने?"

खरं बोलायची ती शेवटची सोपी वेळ होती. ते यासुहेईला तेव्हाही कळलं होतं. भोंगा ऐकला म्हटलं, तर ऐकूनही का थांबला नाहीस हा प्रश्न येणार होता.

"मला काही ऐकू आलं नाही," तो म्हणाला.

तोराझोने पुन्हा होडी घेतली नाही. डोंगरउतारावर वडिलांची संत्र्यांची बाग होती, ती करत राहिला. दर डिसेंबरात एक पेटी संत्री पाठीवर मारून यासुहेईच्या दारात यायचा. "घे, तुझ्यामुळे झाडं बघायला उरलो," असं दर वर्षी म्हणायचा, आणि सेत्सु त्याला आत बसवून चहा द्यायची.

सूर्य कलला तसा यासुहेई बांधावरून उठून घरी गेला. सेत्सु अंगणात मासळी वाळत घालत होती. त्याने तिला उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर हातातला मासा तसाच धरून ती म्हणाली, "आणि मी त्यांना दर वर्षी विचारत होते, बागेचं कसं काय, गुडघे कसे आहेत म्हणून."

"तुला सांगायला हवं होतं."

"मला कशाला? मी काय करणार होते?" ती म्हणाली. "ज्याला सांगायचं त्याला सांगून या. आणि माझा आठवा महिना मध्ये आणू नका तिथे. ते कारण मला नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बाग चढून गेला. तोराझो पंचाहत्तरीचा, कमरेत वाकलेला. हातात छोटी कात्री घेऊन संत्री देठापासून कापून टोपलीत ठेवत होता. यासुहेईला बघून त्याचा चेहरा खुलला.

"अरे कॅप्टन, वाट चुकलास का? की डिसेंबरपर्यंत धीर निघेना? हावरट मेला. थांब, या झाडाची जरा गोड आहेत."

"तोरा-सान, बसा जरा."

"बसलो की उठताना दोन माणसं लागतात. बोल तू."

यासुहेई बोलला. वाटेत त्याने पुष्कळ जुळवाजुळव केली होती, सुरुवात कुठून करायची, क्षमा कशी मागायची. त्यातलं काही जमलं नाही. तो एवढंच म्हणाला, "तुम्ही बाजू सोडली नव्हतीत. मी सोडली होती. मला उशीर झाला होता आणि मी खडकाच्या कडेने, तुमच्या बाजूने येत होतो. तुम्ही जिथे असायला हवं होतं तिथेच होतात."

तोराझोच्या हातातली कात्री उघडी राहिली. त्याने ती बंद केली, पुन्हा उघडली. खाली रस्त्यावरून टपालाची मोटार गेली. तिचा आवाज विरेपर्यंत तो तिकडेच बघत होता.

"पुन्हा सांग," तो म्हणाला.

यासुहेईने पुन्हा सांगितलं.

"आणि भोंगा?"

"वाजला होता. मी ऐकला होता."

"ऐकला होतास."

"हो. तीनदा. मला वाटलं बंदराकडून येतोय. खरं म्हणजे, तसं वाटून घेतलं मी."

तोराझो टोपलीशेजारी मातीतच बसला. यासुहेई पुढे झाला तसा त्याने हात वर करून त्याला थांबवलं.

"तीनदा म्हणजे कसा? लागोपाठ?"

"नाही. एकदा लांब. मग बराच वेळ नाही. मग पुन्हा."

"दम लागायचा तिला," तोराझो म्हणाला. तो यासुहेईशी बोलत नव्हता. "छाती नाजूक होती. एक फुंकला की मध्ये थांबावं लागायचं. तिचाच तो. तिनेच वाजवला." त्याने तळहाताने तोंड पुसलं. "सव्वीस वर्षं. रोज सकाळी तिच्या फोटोपुढे वाटीभर भात ठेवतो मी. आणि रोज मनात एकच, की बाई, मी हुकलो ते हुकलो, पण तुला एवढंसं काम सांगितलं होतं. पेंगलीस असशील. नाहीतर मुकाट बसून राहिली असशील. तेराव्या वर्षीचं श्राद्ध केलं तेव्हा भटजी म्हणाला, मन मोकळं करा. मी काय मोकळं करणार? मला तिचा राग होता. माझ्यापेक्षा तिचा जास्त होता."

यासुहेईच्या हे कधी मनातच आलं नव्हतं. तोराझोच्या नावाला लागलेला डाग त्याला ठाऊक होता. लोक पाठीमागे काय बोलतात तेही. पण आपण इस्पितळात उच्चारलेल्या त्या एका वाक्याने एका मेलेल्या बाईचं तिच्या घरातलं स्थान काढून घेतलं होतं, हे त्याला आज, या मातीत उभं राहिल्यावर कळत होतं. तो गुडघ्यांवर बसला आणि कपाळ जमिनीला टेकवलं.

"उठा," तोराझो म्हणाला. "कपडे खराब होतील."

यासुहेईने मान वर केली. सबंध आयुष्यात तोराझोने त्याला 'तू' सोडून दुसरं काही म्हटलं नव्हतं.

"तुम्ही मला पाण्यातून काढलंत, तेही खरंच आहे," तोराझो म्हणाला. "त्याचं काय करायचं ते मला आत्ता सुचत नाही. या तुम्ही आता, कुवाता-सान."

यासुहेई उतरून आला. तो तसाच सोसायटीत गेला आणि मिसुझुला म्हणाला, की ही चौकट खोटी आहे आणि खरी मी सांगतो, लिहून घे. ती लिहिता लिहिता थांबली, पेन खाली ठेवून त्याच्याकडे बघत राहिली, मग पुन्हा लिहू लागली. लिहून झाल्यावर म्हणाली, "हे मी अध्यक्षांना दाखवल्याशिवाय काही करू शकत नाही." तिच्या आवाजात कालची माया नव्हती.

त्याच आठवड्यात सोसायटीची सभा भरली. यासुहेईने उभं राहून तेच सांगितलं. पन्नाससाठ माणसं होती. मग मागच्या रांगेतून एक मच्छीमार म्हणाला, "म्हणजे आम्हाला इतकी वर्षं उजवी बाजू शिकवत होतात ते स्वतःच्या अनुभवावरून." दोघंतिघं हसले, आणि ते हसू यासुहेईला शिवीपेक्षा लागलं. अध्यक्ष तरुण होता, अपघात झाला तेव्हा शाळेतही जात नव्हता. तो म्हणाला की नियम चांगला आहे आणि तो राहील, चौकट काढून टाकू, आणि कुवाता-साननी आता वर्ग घेऊ नये हे बरं. यासुहेईने ते मान्य केलं. एक म्हातारी जाता जाता त्याच्यापाशी थांबली. ती नुईची मैत्रीण होती. "आत्ता का सांगितलंस?" ती म्हणाली. "कुणाचं भलं झालं? एकतर तेव्हा बोलायचं होतंस, नाहीतर मरताना सोबत घेऊन जायचं होतंस."

तो मुख्य भूमीवर बंदराच्या कार्यालयातही जाऊन आला. तिथल्या माणसाने सगळं नीट लिहून घेतलं, फाइल शोधली, ती मिळाली नाही. कायद्याने मुदत कधीच उलटून गेली होती. "तुम्ही आलात हे चांगलं केलंत," असं म्हणून त्याने यासुहेईला दारापर्यंत पोचवलं. त्या माणसाचं सौजन्य सहन होईना. परतीच्या फेरीबोटीत यासुहेई आतल्या खोलीत, खिडकीकडे पाठ करून बसला.

बेटावर नावं लवकर बदलत नाहीत. लोक सवयीने तोराझोचा नियमच म्हणत राहिले. काहीजण मध्येच थांबत आणि 'नंबर सात' म्हणून सावरून घेत. रस्त्यात तोराझो समोर आला तर मान लववी, परक्याला लववतात तशी. डिसेंबर आला आणि गेला. सेत्सुने दुकानातून संत्री आणली नाहीत, आणि तो विषयही काढला नाही.

जानेवारीच्या अखेरीस एका सकाळी दार वाजलं. तोराझो उभा होता. गळ्याशी मफलर, नाक थंडीने लाल.

"आत या," यासुहेई म्हणाला.

"नको. एक काम आहे." त्याने खिशातून कोरा कागद आणि पेन काढलं. "मला लिहून द्या. तारीख, वेळ, पाणी कसं होतं. भोंगा किती वेळा वाजला, मध्ये किती थांबला. सगळं. माझं डोकं आता राहत नाही, परवा मी तिच्या फोटोपुढे सांगताना दोनदा म्हणालो की तीनदा, तेच आठवेना."

यासुहेईने पायरीवर बसून मांडीवर पाट घेऊन लिहिलं. सावकाश लिहिलं. तोराझो उभाच होता. सेत्सु आतून चहाची वाटी घेऊन आली. ती त्याने घेतली, पण तोंडाला लावली नाही, दोन्ही हातांत धरून ऊब तेवढी घेतली.

लिहिलेलं त्याने डोळ्यांजवळ नेऊन वाचलं.

"उच्चार तोच, पण तिच्या नावाचं अक्षर हे नव्हे," तो म्हणाला. "शिवणकामाचं 'नुई'. तिची आई शिवायची."

यासुहेईने नाव खोडून नीट लिहिलं. खाली स्वतःचं नाव घातलं.

"वाजवला होता हे ठळक करा."

त्याने त्या शब्दांवरून पुन्हा पेन फिरवलं.

तोराझोने कागदाची घडी केली, कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि वरून एकदा चाचपली. चहाची वाटी भरलेलीच त्याने सेत्सुच्या हातात दिली आणि तिला वाकून नमस्कार केला. यासुहेईकडे न वळता तो निघाला.

बागेकडे जाणाऱ्या दगडी पायऱ्या दंवाने निसरड्या झाल्या होत्या. तोराझो प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय आणून, मग पुढची चढत होता. यासुहेई दोन पावलं पुढे झाला. त्याला हात द्यावासा वाटला. मग तो दारातच थांबला आणि तोराझो वळणाआड जाईपर्यंत तसाच उभा राहिला.